आमची केया मीडियात असते

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा उत्तराताई, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे राजेशराव, मंडळातले माझे जुने सहकारी, आणि फुटबॉलच्या सीझनमधला एक अख्खा शनिवार माझ्यासाठी खर्ची घालणाऱ्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना प्रल्हाद साखळकरचा नम्र नमस्कार.

बावीस वर्षं मी या मंडळाची सेवा केली, असं मघाशी सांगण्यात आलं. सेवा कसली हो? खुर्च्या मांडल्या, खुर्च्या उचलल्या. आता आम्ही उभयता अमेरिकेतलं हे आपलं डब्लिन सोडून दूर दक्षिणेला, अल्फारेटाला मुलाकडे कायमचे निघालो, म्हणून तुम्ही एवढा घाट घातलात. शाल पांघरलीत, नारळ दिलात. मी चार पानांचं भाषण लिहून आणलं होतं. ते आता खिशातच राहू द्या.

कारण अस्मिताने माझा परिचय वाचला, त्यातलं एक वाक्य मला बोचतंय. मुलगा आयटीत आणि मुलगी केया मीडियात. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. अस्मिताची यात काही चूक नाही, परिचय मीच लिहून दिला होता. केया तिसऱ्या रांगेत तिच्या आईच्या, प्रतिमाच्या शेजारी बसली आहे. टाळ्या तिनेही वाजवल्या. ते पाहिलं, आणि लिहून आणलेलं भाषण वाचायचं धैर्यच गेलं.

मीडिया म्हणजे नक्की काय? केया एका टीव्ही चॅनेलवर काम करते. त्या चॅनेलवर दिवसरात्र शिकार, मासेमारी आणि रानातली भटकंती, एवढंच दाखवतात. तिथे तिचा स्वतःचा कार्यक्रम आहे. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती मासे धरते. हरणांचा सीझन आला की बंदूक घेऊन रानात जाते. आणि हे कसं करायचं, ते बघणाऱ्यांना नीट समजावून सांगते. सात वर्षं झाली तिला.

आमच्या घरात अंड्याचा केकही येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. या नोकरीबद्दल कळलं तेव्हा मी तिच्याशी भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं, निदान समोरासमोर बोलणं तरी झालं असतं. मी फक्त एक सोयीचा शब्द शोधून काढला. कुणी विचारलं, मीडियात म्हणजे न्यूजमध्ये का, तर मी नुसता हसायचो. समोरचा त्याला हवं ते समजायचा.

चार वर्षांपूर्वीचा आपला गणपती आठवा, शाळेच्या कॅफेटेरियात केलेला. आपला सौमित्र तेव्हा पीएचडीसाठी नुकताच आला होता. तो मूळचा मालवणचा, त्यामुळे मासेमारीचे कार्यक्रम आवडीने बघणारा. जेवणाच्या रांगेत तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काका, तो फिशिंगचा शो करते ती केया साखळकर तुमचीच मुलगी का? कसली भारी आहे यार ती."

त्याच्या आवाजात निव्वळ कौतुक होतं. मी मात्र आजूबाजूला कोण कोण ऐकतंय ते बघत होतो.

"नाही रे," मी म्हणालो. "आमची केया मीडियात असते. ती दुसरी कुणीतरी."

सौमित्र माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. मी वळलो. सहा तास ड्राइव्ह करून खास गणपतीसाठी आलेली केया मोदकांचा ट्रे घेऊन मागे उभी होती. तिने ट्रे सौमित्रपुढे धरला आणि म्हणाली, "टेक टू, देअर्स प्लेंटी." त्याने खाली मान घालून दोन मोदक उचलले. सौमित्र, तू इथेच कुठेतरी आहेस. चार वर्षांत तू ही गोष्ट कुणाजवळ बोलला नाहीस. तुझे आभार मानायचे की तुझ्यापुढे तोंड लपवायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

केयाने त्या दिवशी शेवटच्या माणसापर्यंत मोदक वाढले. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी पाया पडून गेली.

त्यानंतरच्या जानेवारीत तिच्या कार्यक्रमाचा नवा सीझन सुरू झाला. आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला कसं ठाऊक? अहो, मी तो बघायचो ना. बेसमेंटमध्ये बसून, आवाज बंद करून. पडद्यावर तिचं नाव आलं. नुसतं केया. आडनाव काढून टाकलं होतं.

मी तिला फोन केला. म्हटलं, "नाव का बदललंस?"

ती म्हणाली, "बाबा, लोक तुम्हाला विचारतात ना? आता नाही विचारणार."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मलाही काहीतरी उलट बोलता आलं असतं. मी काय विचारलं असेल? "तिकडे बर्फ पडला का?" ती म्हणाली, थोडासा. आणि आम्ही फोन ठेवला.

गेल्या ऑक्टोबरात प्रतिमाने मला जवळजवळ ओढतच केयाच्या शूटिंगला नेलं. ईरी सरोवराच्या जवळची नदी, आणि बोचरी थंडी. मी गाडीतून उतरलोच नाही. थोड्या वेळाने त्यांचा वयस्कर कॅमेरामन माझ्यासाठी कॉफी घेऊन आला. मोठ्या आदराने सांगू लागला, की केयाचे वडील फार लाजाळू आहेत, त्यांना कॅमेऱ्यासमोर यायला संकोच वाटतो, असं तिने पहिल्याच वर्षी सर्वांना सांगून ठेवलंय, म्हणून त्यांनी मला कधी बोलावलं नाही.

खोटं आम्ही दोघंही बोललो होतो. मी माझी अब्रू सांभाळायला बोललो, आणि तीही माझीच अब्रू सांभाळायला बोलली.

मग मी उतरलो आणि काठावर जाऊन उभा राहिलो. तिने एक मोठा मासा धरला. मादी होती, पोटात अंडी असलेली. दोन्ही हातांनी तिला पाण्याखाली अलगद धरून ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली, आणि मादीच्या अंगात पुन्हा बळ आल्यावर तिने तिला सोडून दिलं. बाकीचे मासे तिने स्वतः सुरीने साफ केले. ते मला बघवलं नाही, आजही बघवणार नाही. माझं मन पालटलं असं सांगून तुमच्या टाळ्या घेणार नाही मी. पण एखादी गोष्ट न आवडणं वेगळं, आणि पोटची मुलगी नाकारणं वेगळं. एवढं समजायला माणसाला सात वर्षं लागावीत?

आणि समजूनही काय केलं? गेल्या आठवड्यात अस्मिताने परिचय मागितला. हा हात आपसूक तोच शब्द लिहून गेला. नदीवरून आल्यावरही. सवय लागली होती हो, दुसरं काय सांगू?

असो. घड्याळाकडे बघून अध्यक्षा चुळबुळ करू लागण्याआधी थांबायला हवं. उत्तराताई, राजेशराव, या समारंभासाठी राबलेले सगळे, आणि बावीस वर्षं मला आपलं म्हणणारे तुम्ही सारे, मी आपला ऋणी आहे. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या.

केयाची माफी मात्र मी या माइकवरून मागणार नाही. दोनशे माणसांदेखत बापाने हात जोडले, तर मुलीला नाही म्हणता येत नाही. तिला नाही म्हणता आलं पाहिजे. म्हणून बाहेर पडल्यावर, आम्ही दोघंच असताना, मी ती मागेन. ती काय म्हणेल, मला खरंच माहीत नाही.

नमस्कार.