पडल्या जिवाला लागतंय किती

— बसा की वन्सं, डबा ठेवा हितं. न्हाई न्हाई, आत मागनं जावा, आत्ताच डोळा लागलाय आत्याबाईंचा. तुमची आई हाय, कुठं पळून जातीया? आदी च्या घ्या, सांगलीस्नं यस्टीत हुभं राहून आलाय. काय म्हणताय, वाळल्यात? खिडकीतनं बघितलं व्हय? आवं, वाळणारच की, एकोणऐंशी वय त्येंचं! मी काय मनानं सांगत न्हाई, मशीनवर हुभं केलतं त्यास्नी. इस्लामपुरात त्यो पावडरीचा शेक पाजायचा क्लब हाय न्हवं, मी वजनासाठी जाते तितं — पायाखाली पट्ट्या, हातात दांडी, नाव टाकलं चंदनबाला, वय टाकलं, आन् आला आकडा. नऊशे क्यालरी. म्हंजी निस्तं पडून ऱ्हायलं तर दिवसभरात आंगात एवढंच जळतं. माझं तेराशे आलं. मग तुमीच सांगा, ज्येला कमी जळतं त्येला कमी घालायचं का न्हाई?

तितलं सर लय शिकल्यालं हायत. म्हणाले, निजल्या माणसाचंबी आत सारखं चालूच असतं — काळीज, लिव्हर, किडन्या, मेंदू — दिसाया एवढीशी, पर खाणार सगळ्यात जास्त. मांस पडून असलं की त्येला फारसं लागत न्हाई. आन् वय झालं की सगळीच मंदावत्यात, आकसत्यात, कमी मागत्यात. मी म्हटलं, आमच्या आत्याबाईंचा मेंदू काय जाळतोय वो? दिवसभर तुमचंच नाव — ब्राह्मी आली का, ब्राह्मी आली का. त्येला काय लागतंय? तर सर म्हणतात कसं, दूध वाढवा, डाळ वाढवा, म्हाताऱ्यांचं मांस झडतंय, त्यास्नी उलट ह्ये जास्तच पायजे. त्यो त्येंचा धंदा, पावडरीचं डबं खपवायचं असत्यात. मी आपला आकडा तेवढा घेतला.

असं बघू नगा. सकाळी देते की — भाकरीचा चतकोर, वर आमटीचं पाणी. सांजचं ताटबी न्हेते, न्हेत न्हाई असं कुणी म्हणाया नगं, गल्लीतल्या बायका बघत्यात ताट जाताना. आता मी डेअरीला दूध घालून येस्तवर दिवस बुडतो, त्येला मी काय करू? दिवस बुडाल्यावर त्या पाणीसुदीक तोंडात घेत न्हाईत, जल्माचा नेम. हात जोडत्यात, मी ताट माघारी आणते. सासूचा नेम मोडायचं पाप मी करू व्हय? तुमचं भाऊ म्हणाले एकदा, जरा लौकर वाढत जा. म्हटलं, मग तुमी जावा दूध घालाया. उठून पारावर गेले.

परवा तर गोठ्यात सापडल्या. म्हशीची भिजवल्याली पेंड तोंडात! उन्हं हुती बरं अजून, नेम काय मोडला न्हाई. मी आपली हसले — हसू नगं तर काय करू? तवापासनं खोलीला भाइरनं कडी घालते. कुठं पडल्या-बिडल्या तर नाव माझंच की.

आता ह्ये रडणं कशाला? मी लगीन हून आले, पोटुशी हुते, तवा सगळ्यांचं झाल्यावर टोप खरडून खायाला लावायच्या मला, ह्याच तुमच्या आई. तुमी समोर पाटावर बसून दूधभात खायाचा. तवा न्हाई आलं तुमाला रडाया. मी मेले का? जिवाला लय थोडं पुरतंय वन्सं, मशीन आत्ता सांगतंय, आत्याबाईंनी मला तवाच शिकवलंय.

कुठं उठला? आत? काय हाय डब्यात, शिरा? तुपाचा वास येतोय. आवं पर दाराभाइर बघा की जरा — दिवस बुडाला. बोलण्याच्या नादात कळलंच न्हाई बघा. आज तर मी डेअरीलाबी गेले न्हाई, तुमच्यासंगं बसायचं म्हणून. आता त्या घास घ्यायच्या न्हाईत, तुमच्या हातचाबी न्हाई. जाऊन बघायचं तर बघा, कडी काढते — हात जोडतील तुमालाबी. न्हाई म्हणताय? मग ठेवा डबा पिशवीत. निगा, यस्टी जाईल तुमची.