नऊ मार्च आणि पंखांचा नाग

मंडळी, एक विचारतो, खरं उत्तर द्या! खोटारडा कोण? 'ही गोष्ट आहे हं' असं आधीच सांगून जो गोष्ट सांगतो, तो? का आपल्या डोक्यातल्या गोष्टीवर जो देवाची सही मारून आणतो, तो? थांबा, घाईनं हात वर करू नका! आधी ऐका.

शेवगावात शांतवन मकासरे नावाचा शिंपी होता. चर्चच्या मंडळीतला पंच. कोट शिवावा तर त्यानंच! आसपासच्या चार गावांतले नवरदेव त्याच्याच कोटात वेदीपुढं उभे राहिलेले. आणि त्याची बायको रूथ. तीस वर्षं बालवाडीत शिकवून निवृत्त झालेली. साठीची बाई, पण वाचनाचा नाद कसला? तर पाण्याखालची राज्यं, बोलणारी झाडं, पंखांचे नाग! वाचनालयातून ही एवढी जाड पुस्तकं आणायची. हसू नका! तुमच्या घरात संध्याकाळी कुठल्या मालिका चालतात ते मला ठाऊक आहे!

तर जानेवारीत काय झालं? चर्चमध्ये बाहेरगावचा एक प्रचारक आला. भिंतीवर त्यानं कापडी तक्ता टांगला. पवित्र शास्त्रातल्या वर्षांना वर्षं जोडली, राजांना राजे जोडले, आणि शेवटी छडी आपटली — "नऊ मार्च! दुपारी बारा! जगाचा शेवट!"

पाळकसाहेब उठून म्हणाले, "अहो, प्रभूनं स्वच्छ सांगितलंय, तो दिवस एका पित्यालाच ठाऊक." पण ऐकतो कोण? शांतवन मापांचा माणूस. आकडे जुळले की त्याला पटायचं. आणि खरं सांगू? तो घाबरला होता. तरुणपणी काही चुका झाल्या होत्या, त्या त्याला अजून टोचायच्या.

घरी आला तर रूथ नाकाशी पुस्तक धरून वाचत बसलेली.

"जग बुडायला आलंय, आणि तू नागाच्या गोष्टी वाचतेस? ख्रिस्ती घरात?"

"अहो, मला ठाऊक आहे ती गोष्ट आहे म्हणून. आणि झाडं बोलली तर काय बिघडलं? शास्त्रातली झाडंसुद्धा राजा निवडायला निघालीच होती की!"

"ते वेगळं!"

ते वेगळं! मंडळी, उत्तर सुचलं नाही की आपण सगळे हेच म्हणतो — खरं ना?

पुस्तक कपाटात गेलं. कुलूप लागलं. पण तेवढ्यावर भागलं असतं तर मी हे आख्यान लावलंच नसतं.

रूथला काचबिंदू होता. बावीस जानेवारीला नगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं होतं. शांतवन म्हणाला, "सात आठवड्यांसाठी डोळ्याला सुरी कशाला? नव्या जगात नवे डोळे मिळणार!"

रूथनं एकदाच विचारलं, "आणि तारीख चुकली तर?"

त्यानं सुई उचलली आणि दोरा ओवायला गेला. तीनदा चुकला. चार गावांचे कोट शिवणारा माणूस! ते बघून बाईनं विषय सोडला. हट्ट धरला तर हा कोसळेल, असं तिला वाटलं. डोळ्यांत थेंब घालत राहिली. ऑपरेशन राहिलं.

मार्च उजाडला. शांतवननं गिऱ्हाइकांची कापडं न शिवताच परत केली. नऊ तारखेला त्याच्या दुकानात पाच कुटुंबं जमली. पांढरे कपडे, मिटलेले डोळे. बारा वाजले. साडेबारा. बाहेर भाजीवाला ओरडला — "मेथी घ्याऽ, मेथी!" एक वाजला. लेकरं चुळबुळायला लागली. शेवटी एका बाईनं हळूच विचारलं, "भात लावू का?"

शांतवननं प्रचारकाला फोन लावला. तिकडून आवाज आला, "शांतवनराव, बेरजेत थोडं चुकलं हो! आता सप्टेंबर धरा!"

त्यानं फोन ठेवला. मटकन खाली बसला. रूथ त्याला पाणी द्यायला उठली. तांब्या उजव्या हाताशीच होता. तिचा हात मात्र तांब्याच्या शेजारून गेला आणि भिंतीला लागला. पुन्हा गेला. पुन्हा भिंतच.

"रूथ, तुला तांब्या दिसत नाही?"

"उजव्या बाजूचं कमी दिसतं. महिना झाला."

महिना! एका घरात राहत होते दोघं. हा आभाळाकडं बघत होता, आणि शेजारी बायकोचा डोळा विझत होता!

दुसऱ्याच दिवशी नगर गाठलं. डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर येणार नाही. राहिलेली वाचवू." ऑपरेशन झालं. वॉर्डात खाटेशी बसून शांतवन रडला. "माझ्यामुळं गेली गं."

"हो, तुमच्यामुळं गेली," रूथ म्हणाली. बघा, उगाच गोड बोलली नाही! "आता रडणं पुरे. कपाटातलं पुस्तक आणा. मला आता बारीक अक्षर वाचता येणार नाही."

आणलं! चष्मा लावला आणि वाचायला बसला. आधी मिळकतीची नोटीस वाचावी तसं. तिसऱ्या दिवशी आवाज चढला. पाचव्या दिवशी नर्सबाई गोळ्या घेऊन आल्या तर म्हणतो कसा, "थांबा हो जरा, नाग पुलावर आलाय!"

तेवढ्यात मंडळीतले उजागरे भेटायला आले. पुस्तक बघून दचकले. "शांतवनराव, तुम्ही पंच! आणि ही थापांची पुस्तकं?"

शांतवननं पानात बोट ठेवलं. "उजागरे, पंखांचा नाग नसतो हे मला ठाऊक आहे, लिहिणाऱ्यालाही ठाऊक आहे. कुणी फसत नाही. तो तक्ताही गोष्टच होती, पण माझ्याकडं आली देवाचं नाव लावून. तिनं माझ्या बायकोचा डोळा नेला." आणि पुढचं वाक्य वाचायला लागला.

मंडळी, प्रभू येणार! त्यात शंका नको. पण वेळापत्रक त्यानं आपल्या हातात दिलेलं नाही. म्हणून म्हणतो —

वेळ तुझ्या हाती। दिवा माझ्या हाती।
राखू दे रे वाती। प्रभुराया।।

कीर्तन संपल्यावर कुणीतरी येऊन मला विचारेलच, "बुवा, शेवटाची तारीख कोणती?" मला विचारू नका! सरळ घरी जा, शेजारी बसा, आणि आपल्या माणसाला विचारा, "डॉक्टरांनी दिलेली तारीख कोणती?"