पानांची पोती

बसच्या रांगेत म्हातारा खराटा टेकून उभा होता. पुढच्या दोघी, शाळकरी पोरांच्या आया, गप्पांत रंगल्या होत्या.

“आज शाळेत पानगळीची सफाई ना? सगळं गाव लोटेल.”

“कुठलं काय! यंदा मशीन आणलंय. मैदान कालच चकाचक झालं.”

“मग ते खराटेवाले आजोबा? त्यांना कळवलं का?”

“कळवणार कोण? नात शाळा सोडून, लग्न होऊन गेली, तरी दरवर्षी येतात. घरी बोलायला चार भिंती.”

“पण झाडणार काय?”

“पोरांनीच तोड काढलीय. ते यायच्या आत पानांची पोती मैदानात उलटी करणार.”

बस आली. कंडक्टर म्हणाला, “चला आजोबा, शाळाच ना?”

दोघी गर्रकन वळल्या.

“पुढच्या बसने येतो,” म्हातारा म्हणाला. “पोरांची पोती अजून रिकामी व्हायची असतील.”