डब्यातला जादा तुकडा

भावोजी : दार लावून घेतलंत, वहिनी. आता मी बसू कुठे?

वहिनी : त्या स्टुलावर. आणि तिच्याकडे बघायचं नाही. भिंतीकडे बघा.

भावोजी : भिंतीकडे बघायला मला एवढ्या लांबून बोलावलंत? माझ्या घरी आहेत की चार भिंती.

वहिनी : हळू बोला. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई आत्ता येतील. खोलीत परकं माणूस असताना मांजर माझ्या हातचं खातं का, ते त्यांना बघायचंय. म्हणून आधी तुमच्यावर तालीम.

भावोजी : आणि नाही खाल्लं तर?

वहिनी : तर पिंजऱ्यात घालून गावाबाहेरच्या गोदामात सोडणार. न माणसाळणाऱ्या जिवाला खोलीत कोंडणं बरं नव्हे म्हणतात. तिथे उंदीर भरपूर आहेत म्हणे. असतील. मी कुत्रीही बघून आलेय तिथली. भावोजी, मला तिला तिथे पाठवायची नाही.

भावोजी : आहेत कुठे बाईसाहेब?

वहिनी : कपाटामागे. मान वळवू नका म्हटलं ना.

भावोजी : हे बघा, रागावू नका. दादाचं कोचांचं दुकान पाडायच्या आदल्या दिवशी तुम्ही तिला तिथून पकडलीत, त्याला दोन महिने झाले. अजून कपाटामागेच आहे. जन्म गल्लीत गेलेलं मांजर ते. एखादीचा पिंडच तसा असतो.

वहिनी : माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली. गोळी गालात धरून ठेवणारे, सलाईन उपसून चालू पडणारे, सिस्टरला चावणारेसुद्धा पाहिले. सगळ्यांना औषध गेलं पोटात. ही काय अडीच किलोची.

भावोजी : तुमच्या हातावरचे ओरखडे काही वेगळंच सांगतायत.

वहिनी : ते सुरुवातीचे. मग मी शिकले. तिच्याकडे पाठ करून बसायचं, पेपर मोठ्यानं वाचायचा. आवाज अंगवळणी पडला की लांब दांड्याच्या लाकडी चमच्यावर मासा धरायचा. चमचा चाटायला लागली की रोज थोडं पुढे धरायचं, म्हणजे दांडा आखूड होत जातो. चांगली माझ्या मनगटापर्यंत आली होती हो. आणि गेल्या आठवड्यापासून परत पहिले पाढे पंचावन्न. चमचा नुसता पुढे केला तरी फिस्कारते.

भावोजी : गेल्या आठवड्यात काय झालं?

वहिनी : काही नाही. थंडी पडली, म्हणून ह्यांचा स्वेटर काढला ट्रंकेतून. उलट मला वाटलं, आता गाडी रुळावर येईल. ह्यांचा वास ओळखीचा, ह्यांच्या हातचं खाऊन वाढलेली...

भावोजी : हा दादाचा स्वेटर?

वहिनी : दुकानातला. धुतलासुद्धा नाही मी. बघा, आली बाहेर. श्श.

भावोजी : फिस्कारली.

वहिनी : ऐकलं मी. ये गं. ये बाई. हे तुझ्या मालकाचंच आहे.

भावोजी : वहिनी, तो स्वेटर काढा.

वहिनी : आता कशाला मध्येच?

भावोजी : शाल घ्या हवं तर. पण तो काढा.

वहिनी : का? कारण सांगा, काढते.

भावोजी : कारण नका विचारू.

वहिनी : भावोजी, मी वॉर्डात नातेवाइकांच्या तोंडून काय काय वदवून घेतलंय, तुम्हाला कल्पना नाही. बोला.

भावोजी : दादानं तिला कधी पोसली नाही. तो तिला हाकलायचा. नवीन कापड चढवलेल्या कोचावर मुतून ठेवायची ती. त्या स्वेटरला फोम चिकटवायच्या सोल्युशनचा वास आहे ना, तो आला की ती समजायची, आता लाकडी हातोडा आपटणार. बोळातून पार पलीकडे पळायची.

वहिनी : काहीतरीच. रोज डब्यात मी तिच्यासाठी माशाचा जादा तुकडा द्यायची. वेगळ्या डबीत.

भावोजी : हो.

वहिनी : तळलेला द्यायची. उकडलेल्याला ती तोंड लावत नाही म्हणायचे.

भावोजी : हो.

वहिनी : आणि ह्यांचं तळण मी बंद केलं होतं.

भावोजी : तुम्हीच केलं होतं. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून.

वहिनी : अग बाई.

भावोजी : दोन कोचांच्या मधे बसून खायचा. मला म्हणायचा, तुझ्या वहिनीला कळलं तर ती मला पण टोचेल.

वहिनी : इतकी वर्षं मी मांजराचं पथ्य पाळत होते. काटे काढून द्यायची कधी कधी. भावोजी, त्या तळण्यानं तर...

भावोजी : नाही. दादा न्यूमोनियानं गेला, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? एका तुकड्यानं काही होत नसतं. म्हणूनच सांगत नव्हतो. तुम्ही हसाल की रडाल, मला कळेना.

वहिनी : मलाही कळत नाहीये. ती ह्यांची म्हणून आणली मी. घरात ह्यांचं म्हणून काहीतरी चालतंबोलतं राहील, म्हणून.

भावोजी : मग आता? गोदामात जाऊ द्यायची?

वहिनी : का म्हणून? ह्यांची नव्हती तर नव्हती. दोन महिने मी बसलेय तिच्यासमोर. आता ती माझी आहे. हा स्वेटर धरा. स्टुलाखाली नको, बाहेर ठेवून या. दार हळू. आणि ती गाऊनवरची जुनी ओढणी द्या, माझ्याच वासाची.

भावोजी : ठेवला. घ्या ओढणी. चमचा देऊ?

वहिनी : चमचा नको. आज हात.

भावोजी : चावेल हो.

वहिनी : चावू दे. पाठ करून बसते. तुम्ही पेपर वाचा मोठ्यानं. काहीही वाचा, पण एका सुरात.

भावोजी : पाहिजेत. पाहिजेत अनुभवी सुतार. पाहिजे हिशेबनीस, बाई चालेल. विकणे आहे, शिलाई मशीन, चालू स्थितीत. भाड्याने देणे, दोन खोल्या, पाणी चोवीस तास... वहिनी, ती आली.

वहिनी : वाचत राहा.

भावोजी : दोन खोल्या. पाणी चोवीस तास. दोन खोल्या...

वहिनी : जीभ खरखरीत आहे हो.

(दारावरची बेल वाजते.)

भावोजी : आल्या वाटतं. उठू?

वहिनी : हलू नका. दचकली, पण गेली नाही. खातेय परत.

भावोजी : पुन्हा बेल वाजवतील.

वहिनी : वाजवू देत. तिला हात चाटून पुरा करू दे. भावोजी, एक खरं सांगा. काटे तरी टाकायचे का हो तिला?

भावोजी : टाकायचा. शिव्या घालत टाकायचा. पण रोज टाकायचा.

वहिनी : बरं. आता सावकाश उठा, आणि दार उघडा.