उकळून गार केलेलं पाणी

परबवहिनी, त्यांची लेक सुजाता, आणि आपल्या कोपरीच्या शाळेत आज परबांच्या शोकसभेला जमलेले तुम्ही सगळे.

मला नीट बोलता येईल की नाही, माहीत नाही. रडू येत नाहीये. काहीच येत नाहीये. तरी उभी राहिले, कारण मघापासून परबांच्या सेवाभावाचं कौतुक चाललंय आणि ते मला ऐकवत नाही.

परब आपल्या प्रयोगशाळेचे शिपाई होते. सेवाभावी कसले? हुशार होते. शिपायाला हुशार म्हणताना आपली जीभ का अडखळते?

ऑफिसबाहेरची माशांची टाकी आठवते? त्या उन्हाळ्यात पाणी टँकरचं होतं, सगळीकडे कावीळ. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, स्वच्छतेचं वेड. परबांना म्हटलं, टाकी धुवा आणि उकळून गार केलेलं पाणी भरा.

ते म्हणाले, "बाई, उकळलं की पाण्यातली हवा जाते. मासे गुदमरतील."

"आता गार झालंय ना?"

"झालंय, पण झाकून ठेवलेलं. हवा परत शिरणार कुठून? टाकीचा पंपही बंद आहे. आम्ही दिवा गावात घरी पिण्याचं पाणी उकळलं की या कळशीतून त्या कळशीत उंचावरून ओततो. नाहीतर मिळमिळीत लागतं. तसं करू का?"

"परब, केमिस्ट्री मी शिकवते की तुम्ही?"

"तुम्हीच, बाई. परवाच शिकवलंत. मी मागे परीक्षानळ्या पुसत होतो."

खरं होतं. तापमान वाढलं की वायू पाण्यात कमी विरघळतो. हे वाक्य मी नववीकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. तीनदा! मुलांना पाठ झालं. मला तर होतंच. कळलं होतं एकट्या परबांना.

मी म्हटलं, भरा. त्यांनी भरलं.

दुपारी मासे वर येऊन तोंडं उघडत होते. शाळा सुटेपर्यंत सगळे मेले. निष्काळजीपणाचा मेमो परबांना मिळाला. तेव्हा मी स्टाफरूममध्ये चहा पीत होते. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "नमस्कार बाई." मी निवृत्त होईपर्यंत रोज म्हणाले.

काल वहिनींनी तो मेमो मला दाखवला. जपून ठेवलाय. मागच्या बाजूला परबांनी आपल्या उत्तराची नक्कल उतरवली आहे. दोनच ओळी. "पाणी स्वच्छ होते, पण त्यात हवा नव्हती. खात्रीसाठी बाईंना विचारावे."

बाईंना कोणी विचारलं नाही. आणि बाई कोणी विचारेल याची वाट बघत बसल्या.

मुख्याध्यापक सर, तेव्हा तुम्ही इथे नव्हतात. आज आहात. मी लिहून आणलंय. पाणी माझ्या सांगण्यावरून भरलं, परबांनी मला आधी बजावलं होतं, खाली माझी सही. तो मेमो रद्द करा आणि तसं पत्र सुजाताच्या हातात द्या.

परब, तुमचं बरोबर होतं.

आता सगळ्यांनी दोन मिनिटं शांत उभं राहू या. मला गप्प राहायची सवय आहे.