विहिरीतलं पाणी विहिरीत

— मीटर बदलायचं नाव काढू नकोस, मीटरला काय धाड भरलेली नाय! अजिंक्याने मुंबईहून फोन करून पाठवलं ना तुला – ‘बाबांचं बिल एवढं येतं कसं, जाऊन बघ’ – मग बघ हवं तेवढं. पण वायरमन झालास म्हणून मला शिकवू नकोस. बिल का चढतं ते मला विचार. शंभर युनिटांच्या वर गेलास की पुढच्या युनिटाला दर जास्त – तिथंच माणूस मरतो. जुना पंखा खातो. फ्रिजच्या दाराचं रबर सैल, तो खातो. गिझर तर राक्षसच! आणि टीव्ही रिमोटने बंद केला म्हणजे झालं, असं समजतात मेले – भिंतीवरचं बटण कोण बंद करणार, तुझा आजा?

मी सगळं करून बसलोय, बरं का. बिल अजिंक्य भरतो, मेसेज त्याच्याच मोबाइलवर जातो. मग दर महिन्याला त्याचा फोन – ‘बाबा, बिल वाढलं कसं?’ म्हटलं थांब, दाखवतो तुला. पिवळे बल्ब काढून एलईडी लावले. गिझर काढला, परसात बंब पेटवला – नारळ सोलून उरलेल्या सोडणांना आपल्याकडे काय तोटा? फ्रिजचं रबर बदललं. शिमग्याच्या महिन्यात बिल आलं निम्म्याखाली! मोबाइल घेऊन ओटीवर बसलो. म्हटलं आता फोन येईल, ‘कमाल केलीत बाबा’ म्हणेल. कसली कमाल? फोनच आला नाय. पुढच्या महिन्यातही नाय. विचारण्यासारखं काय उरलंच नाय ना त्याला.

मी करायचा? मी का करू? त्याची आई गेली तेव्हा तो मला न्यायला आला होता. मी नाय म्हटलं – तिथं त्या खोलीत बसून काय करू, समोरच्याचे वाळत घातलेले कपडे मोजू? तेव्हा तोच म्हणाला, ‘मग राहा एकटे, मला फोन करू नका.’ रागात बोलला, कळतं मला. पण बोलला ना? मग मी नाय करणार. मरेन, पण नाय करणार! – काय? वाईट वाटतं रे, न वाटायला मी काय दगड हाय? रात्री जेवताना तर फारच वाटतं. पण आधी त्याने करायचा.

ए, तिकडे कुठं चाललास? सगळी बटणं बंद केलीस, तरी मीटरचा दिवा लुकलुकतोय – मग लुकलुकू दे की! परसात चिखल हाय, पडशील – अरे – झालं समाधान? पंप हाय तो. पावसात कशाला म्हणजे? बागेला नाय, पावसात बाग शिंपायला मला काय वेड लागलंय? पाइप? पाइप विहिरीतच सोडलाय. विहिरीतलं पाणी विहिरीत, थेंब वाया जात नाय. हसू नकोस! सकाळी लावतो, जेवायला बसताना बंद करतो. गेल्या महिन्यात बिल दुप्पट आलं – अर्धा तास बोलला माझ्याशी. आधी ओरडला, मग गुडघ्याचं विचारलं, माडांचं विचारलं, नातीला फोनवर आणलं. आरोही म्हणते, ‘आजोबा, दिवे बंद करत जा हां.’ म्हटलं, करतो हो बाय.

मोबाइल कशाला काढलास? ठेव तो खिशात. तू सांगितलंस तर तो तुझ्याशी बोलेल, माझ्याशी कशाला बोलेल? आणि ह्या वेळी त्याने मलाच विचारायला हवं होतं, वायरमन कसला पाठवतो! कारण सापडलं नाय म्हणून सांग. बाबांनाच विचार, म्हणावं. हे घे तुझे पैसे. पोफळींच्या बाजूने जा, तिथं निसरडं नाय.

– ए! पंप बंद केलास? कोणाला विचारून? लाव परत. लाव आणि नीघ!