पाण्यासाठी काढलेला खड्डा

कोरडा! आवं, ठणठणीत कोरडा हाय त्यो खड्डा! कॉलनीत गुडघाभर पाणी, आन् पाणी साठवायला म्हणून जो खड्डा काढला त्यो तेवढा कोरडा! आता तुमीच सांगा, पाण्यानं जायचं कुठं?

तुमाला सांगतो, माझी पिठाची गिरणी कॉलनीच्या पार तळाला. सांगलीत पाऊस लागला, तिकडं कृष्णामाई फुगली, की पयलं पाणी माझ्या दारात! मागच्या पुरात मोटर जळाली. परत जळाली तर गिरणीला कुलूपच. मग कराडच्या इंजिनीअर आल्या, शिवांजली मॅडम. लय शिकलेल्या, पण बोलणं गोड. "काका, हवामान बदललंय. महिन्याचा पाऊस दोन तासांत पडतोय. चौकातलं मैदान आपण खोल करू, चारी बाजूंनी पायऱ्या. एरवी लोक बसतील, पावसात पाणी साठेल. तुमची गिरणी वाचेल." मी तर त्यांच्या पाया पडायचाच राहिलो!

झाला खड्डा. झकास झाला. पण गोल खड्डा, चारी बाजूंनी पायऱ्या... सांगलीच्या माणसाला ह्यात काय दिसणार? तळं? कुस्तीचं मैदान दिसणार, दुसरं काय! आमच्या तालमीचं कृष्णात वस्ताद काठावर हुबं राहिलं, मिशीवरनं हात फिरवला, "गड्यांनो, देवानंच आखाडा धाडला की रं!" झालं! लाल माती पडली, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू... पाणी मुरायच्या जाळ्या मातीखाली गडप! मी वरडतोय, "वस्ताद, पाण्यानं जायचं कुठं?" तर म्हणत्यात, "आप्पासो, आदी चपला काढ. तालमीच्या मातीत हाईस तू."

आता बोला!

आन् आज सकाळधरनं ह्यो पाऊस... बांध घातला की ओ ह्यांनी! खड्ड्याच्या काठानं वाळूची पोती, वर ताडपत्री, भवतीनं पैलवान पहाऱ्याला! का? तर माती भिजंल! मॅडम फोनवर वरडत्यात, "काका, पाणी आत सोडा, लगेच सोडा!" सोडू कसं? मी गिरणीच्या दारात पाण्याच्या कडंला खडा ठेवला, चढतंय का बघायला. बुडाला. जरा मागं दुसरा ठेवला. त्योबी बुडाला! पाणी उंबऱ्याला टेकलं आन् माझं डोस्कंच फिरलं. घरला पळालो, घरात कोण हाय का न्हाई ह्येबी बघितलं न्हाई, माळ्यावरनं कुदळ काढली... आज बांध फोडणार! वस्ताद आडवं आलं तर वस्तादाला...

वस्ताद आलंच आडवं. पण हात जोडून. "आप्पासो, घाव घालायच्या आदी आत बघ."

बघितलं. ताडपत्रीखाली, वरच्या पायरीवर आमची कारभारीण रेश्मा, मांडीवर पोरगं, शेजारी माझी म्हातारी आई, पलीकडं निम्मी कॉलनी. आन् मधोमध माझी मोटर! मी कुदळ हुडकत हुतो तवर पैलवानांनी खांद्यावरनं आणलेली. कॉलनीत दुसरी कोरडी जागाच न्हवती ओ! उगारलेली कुदळ मी खाली घेतली. तेवढ्यात आतनं रेश्मा, "आवं, बघताय काय? चपला काढून या!"

तवापासनं हितं बांधावर बसलोय, अनवाणी, कुदळ घेऊन, राखणीला. गिरणी गेली पाण्यात... ए, त्ये पोतं सरकलं का बघा रं! दाबा, दाबा! पाण्यानं जायचं कुठं म्हणताय? कुठंबी जाऊ दे बाबांनो... पाण्याच्या खड्ड्यात तेवढं नको!